गिरणीवाल्याच्या बायकोला गव्हाचं वावडं

ति. ताईस,

धाकटीचा नमस्कार. लेकीकडे मी बरी आहे. भावजींचा गुडघा कसा आहे?

इथे माझं रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी कमी निघाल्या. पुढच्या तपासण्यांत सीलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गव्हाने आतडं सुजतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशी त्यामुळेच कमी असतील असं नाही, पण गहू सोडून बघू." मी या आजारावरचं पुस्तक आणून वाचलं, तेव्हा जरा धीर आला.

गिरणीवाल्याची बायको आणि गव्हाचं वावडं. हे असते तर पोट धरून हसले असते. गिरणी बंद करून यायचे तेव्हा यांच्या भुवयांवरसुद्धा पीठ असायचं, मी पदराने पुसायचे. काल लेकीने घरातलं पीठ शेजारी देऊन टाकलं. मी रिकामा डबा हुंगत बसले.

ताई, हा आजार सख्ख्या बहिणींत असू शकतो. तूही सारखी थकतेस. रक्त तपासून घे, पण तोवर गहू सोडू नकोस, नाहीतर तपासणीत नीट कळत नाही. लहानपणी मला पथ्य असलं की तूही माझ्याबरोबर अळणी जेवायचीस. या वेळी आधी सुई टोचून घे, मग मला सोबत कर.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी