कोनाड्यातला दिवा

प्रिय बाबा,

एर्सिलियाचा इटलीहून नमस्कार. मी तुमच्या गावी सुखरूप पोचले. जेवणाची आबाळ नाही, मेंढीच्या दुधाचं चीज रोज ताटात असतं. तिकडे घरी, रोसारिओत थंडी पडली का? स्वेटर घालता ना?

आपल्या स्पेराल्बा आडनावामागे कुणी सरदार-बिरदार नव्हता हो. मठाच्या दारात पहाटे एक तान्हं बाळ सापडलं, नन्सनी त्याला हे आडनाव दिलं. आपण सगळे त्याचेच. आता अख्ख्या इटलीत या आडनावाचं एकही घर उरलं नाही. उरलो ते रोसारिओतले आपणच.

दफनभूमी सांभाळणारी झेल्मिरा म्हातारी मला बघताच म्हणाली, "आलीस का गं? नाक तर आमच्या गावचंच घेऊन आलीस!" ते बाळ बेवारस होतं, म्हणून गाव प्रत्येक स्पेराल्बासाठी भिंतीत एक कोनाडा राखून ठेवतं. तुम्ही तीन वर्षांचे असतानाच बोटीत बसून गाव सोडलंत, तरी तुमचाही आहे, नावानिशी. माणूस गेलं की तिथे दिवा लावतात.

तुमच्या कोनाड्यात दिवा जळत होता.

मी चिडलेच. "अहो, माझे बाबा धडधाकट आहेत! हा लावला कुणी?"

"मी नाही बाई," ती म्हणाली. "मी तर मंगळवारपासून रोज विझवतेय."

बाबा, उत्तर तुमच्याच हातचं हवं. पाकिटावर आईचं अक्षर दिसलं, तर मी ते उघडणार नाही.

तुमच्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
एर्सिलिया