कात्रणाचा फाटका कोपरा

मृत्युपत्र लिहून ठेवणार : बाबुलाल झिंगू मांढरे, वय वर्षे एकसष्ट, धंदा मासेमारी, मध्यंतरी चार वर्षे व्हिडिओ गेमचे दुकान, राहणार ढिवर मोहल्ला, नागभीड, जिल्हा चंद्रपूर.

आज दिनांक ७ नोव्हेंबर २००४ रोजी हा कागद मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, दारू घेतलेली नाही, आणि कोणी मागे उभे राहून सांगत नाही. (माझी पत्नी कमळा मागे उभी आहे, पण तिला वाचता येत नाही.) छातीत दोनदा कळ येऊन गेली. डॉक्टरांनी डोंगा वल्हवायला मनाई केली आहे, म्हणून हे काम आताच उरकतो.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व मागचे अंगण, कमळा आहे तोवर कमळाचे. तिच्यानंतर मुलगा देवानंद याचे. पोस्टात जे काही आहे ते कमळाचे. किती आहे ते तिला कोणी विचारू नये, मीही कधी विचारले नाही.

कलम २. स्टेशन रोडवरचे टिनाचे शेड, आशाबाईंच्या चहाटपरीला लागून असलेले, देवानंदला द्यावे. त्यात १९९६ पासून माझे दुकान होते. तीन टीव्ही, तीन मशिनी. गोंदियाची गाडी लेट झाली की शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. धान विकायला आलेले शेतकरीसुद्धा पिशवी मांडीवर धरून रणगाडे उडवायचे. खेळात तीन जीव मिळतात, तिन्ही गेले की उठायचे आणि दुसऱ्याला बसू द्यायचे. सगळ्या रस्त्याची भाषाच तशी झाली होती. चहा उतू गेला की आशाबाई म्हणायच्या, "गेला एक जीव!"

मशीन बंद पडली की माझी मुलगी रुपाली ती उघडायची. तेव्हा ती शाळेत होती. कॅसेटचे पितळी दाते खोडरबरने घासायची, फुंकर मारायची, आणि चित्र परत यायचे. मग मलाच खेळायला बसवायची. माझे तिन्ही जीव पहिल्याच खड्ड्यात जायचे. "उठा बाबा, आता माही बारी," असे म्हणून ती मला ढकलायची. ते दिवस चांगले होते, एवढे लिहून ठेवतो.

कलम ३. मुलगी रुपाली हिला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. कारण खालीलप्रमाणे.

सन २००० च्या पावसाळ्याच्या तोंडावर किराण्याच्या पुड्याचा एक कागद माझ्या हाती आला. मथळा होता, 'व्हिडिओ गेमवर देशभर बंदी'. खाली पाच ओळी. सरकारने अशा मशिनींचे उत्पादन आणि विक्री तातडीने थांबवली आहे, लहान मुलांचे नुकसान होते, वगैरे. माझ्या बापाने एकदा मनाई असलेल्या पाण्यात जाळे टाकले होते, तेव्हा त्याला तीन दिवस चौकीत बसवून ठेवले होते. मनाई होती हे त्याला सुटल्यावर कळले. तेव्हापासून आमच्या घरात बंदी हा शब्द हळू आवाजात बोलतात. मी त्याच दिवशी दोन मशिनी जुन्या जाळ्यात बांधल्या, दगड लावला आणि डोंग्यातून नेऊन गावतलावात सोडल्या.

तिसरी मशीन रुपालीने धानाच्या ढोलीत लपवली. मला म्हणाली, "बाबा, ब्रह्मपुरीत तं दुकान चालूच हाये. बंदी असती तं ते बंद नसतं झालं काय?" मी म्हटले, "त्याइचे हात वरपर्यंत हायेत. आपल्याले कोण सोडवन?" तिने ऐकले नाही. पुढच्या वर्षी तिचे लग्न घुग्घुसच्या अजयशी झाले. जावई खाणीत पाळीवर जातो, माणूस चांगला आहे. रुपालीने ती मशीन लुगड्यात गुंडाळून सासरी नेली आणि तिच्यावर दुकान उघडले. आता तिथे सहा मशिनी आहेत असे ऐकतो. कायदा मोडणाऱ्या मुलीच्या नावे वाटा लिहिला तर उद्या तिच्याबरोबर कमळाच्या डोक्यावरचे छप्परही जप्त होईल.

२००२ च्या दिवाळीला ती सव्वा महिन्याच्या आचलला घेऊन आली होती. कमळा भाकरीचा तुकडा ओवाळायला धावली. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटले, "तुह्या मागं पोलीस येतीन. आपल्या घरी जाय." ती म्हणाली, "बाबा, हिले पाजू तं द्या." मी बाजूला झालो नाही. हे मी घर वाचवण्यासाठी केले. तिला राग असेल तर तिने हे कलम दोनदा वाचावे.

कमळा ब्रह्मपुरीच्या बहिणीकडे जाते असे सांगून घुग्घुस गाठते, हे मला माहीत आहे. ब्रह्मपुरीला जाताना कोणी पिशवीत झबली नेत नाही. तिला माफ केले आहे.

कलम ४. निवृत्त पोस्टमन गुणवंतराव बोरकुटे यांनी घाटावर माझ्या शोकसभेत बोलू नये. वरील कात्रण मी त्यांनाच वाचायला दिले होते. चष्मा लावून सगळे वाचले आणि म्हणाले, "मजकूर बरोबर हाये, बाबुलालभाऊ. पण डावा कोपरा फाटला हाये. बातमी कुठली हाये ते कोपऱ्यातच रायते. कोपरा कुठी हाये?" मी म्हटले, देशभर म्हणजे देशभर, त्यात कोपरा कशाला पाहिजे? त्यानंतर चार वर्षे झाली, टपरीवर, बाजारात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा माणूस विचारतो, "सापडला काय कोपरा?" आणि लोक हसतात. माझे दुकान पाण्यात गेले आणि यांना कोपरा सुचतो. कात्रण मी जपून ठेवले आहे आणि पुरावा म्हणून या कागदाला टाचले आहे.

कलम ५. माझी हत्यारे देवानंदला. डोंगा एक. वल्ही दोन. फेकायची जाळी तीन, पैकी एक फाटके. मोठे गळ, कागदाच्या पुडीत बांधलेले, नग

दिनांक ८ नोव्हेंबर.

काल नग किती हे मोजायला पुडी उघडली आणि लिहिणे तिथेच थांबले. आज परत बसलो आहे. डोके ठिकाणावर आहे. नसते तर बरे झाले असते.

पुडीवर माझ्याच अक्षरात 'मोठे गळ' असे लिहिले आहे. उलगडली तर आत छापील कागद, तिकोनी. वर मोठ्या टायपात एक शब्द : 'चीनमध्ये'. त्याच्या खाली बारीक अक्षरात : 'बीजिंग'. टाचणी काढून कात्रण सोडवले आणि कोपरा त्याला लावून पाहिला. कडेला कड बसली. चीनमध्ये व्हिडिओ गेमवर देशभर बंदी.

मी देवानंदला हाक मारली. "बीजिंग कुठी हाये रे?"

"चीनमधी, बाबा. काऊन?"

"तिथला कायदा इथी लागते काय?"

"नाई लागत. तुमाले बरं नाई वाटून राह्यलं काय?"

म्हणजे बंदी नव्हतीच. नागभीडात नव्हती, घुग्घुसात नव्हती, एक दिवसही नव्हती. आता सगळे आठवते आहे. त्या दिवशी गळ सुटे पडले होते. पायात रुततील म्हणून हाताला लागलेल्या कागदाचा कोपरा मीच फाडला, पुडी बांधली, आणि उरलेला कागद त्यानंतर वाचला. गुणवंतराव कोपरा मागत होते तेव्हा तो माझ्या घरात, माझ्याच खुंटीला टांगलेला होता. चांगल्या चालत्या मशिनी मी तलावात बुडवल्या. आणि माझ्या पोरीला, तान्ह्या लेकरासह, माझ्या दारातून मी चीनच्या सरकारच्या हुकुमावरून हाकलले. हे वाक्य मी तीनदा वाचून पाहिले. ते खरेच आहे.

कमळाला सांगितले. ती मला फाडून खाईल असे वाटले होते. ती चुलीसमोरून उठलीसुद्धा नाही. एवढेच म्हणाली, "आचल आता बोलते. 'आबा कुठी हायेत?' म्हणते. मी सांगते, डोंगा घेऊन गेले, येतीन." मी तिथेच भुईवर बसलो.

कलम ६. कलम ३ रद्द. मी ते खोडत नाही, फाडतही नाही. कागद फाडून काय होते ते पाहिले. कमळानंतर घर रुपाली व देवानंद या दोघांचे, निम्मे निम्मे. स्टेशन रोडवरचे शेड एकट्या रुपालीचे. देवानंदला विचारले आहे. तो म्हणाला, "तिचंच होतं ते, बाबा."

कलम ७. मे महिन्यात तलाव आटला की देवानंदने दक्षिणेच्या बांधावरच्या मोहाच्या झाडासमोर, खोल भागात पाहावे. जुन्या जाळ्यात दोन मशिनी सापडतील. त्या रुपालीला द्याव्यात. चालणार नाहीत हे मलाही कळते. तरी तिने एकदा खोडरबर लावून पाहावे.

कलम ८. कलम ४ सुद्धा रद्द. गुणवंतरावांनी माझ्या शोकसभेत अवश्य बोलावे, पाहिजे तितके बोलावे, आणि कोपऱ्याची गोष्ट सर्वांना सांगावी. लोक हसले तर हसू द्यावे.

कलम ९. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे तसे वाचायचे नाही. उद्या पहिल्या गाडीने मी घुग्घुसला जाणार आणि रुपालीच्या दुकानात उभा राहून कलम १ पासून शेवटपर्यंत सर्व मोठ्याने वाचणार, कलम ३ सह. कमळाने सोबत येऊ नये. तिच्या आडोशाने मला आत शिरायचे नाही. रुपालीने दारात अडवले तर तो तिचा हक्क आहे. मी बाहेर गिऱ्हाइके बसतात तिथे बसेन आणि माझी बारी येण्याची वाट पाहीन. छातीत दोनदा कळ येऊन गेली आहे. हा माझा तिसरा जीव आहे आणि तो मला तिथेच लावायचा आहे.

वरील सर्व माझे लिहिणे आहे. दोन साक्षीदारांसमोर सही करतो. कात्रण आणि कोपरा, दोन्ही सोबत जोडले आहेत, या वेळी डिंकाने.

ठिकाण : नागभीड. दिनांक : ८ नोव्हेंबर २००४.

(सही) बाबुलाल झिंगू मांढरे

साक्षीदार क्रमांक १ : गुणवंतराव बोरकुटे, निवृत्त पोस्टमन. बाबुलालभाऊंनी माझ्यासमोर सही केली. कोपरा पाहिला. यापुढे विचारणार नाही. (सही)

साक्षीदार क्रमांक २ : आशाबाई, चहाटपरी, स्टेशन रोड. लिहिता येत नसल्याने अंगठा. अंगठा लावण्याआधी त्यांनी पुढील शब्द लिहून घ्यायला लावले, ते गुणवंतरावांनी जसेच्या तसे लिहिले : "त्या दिवाळीले पोरगी तुमच्या दारातून माह्या टपरीवरच आली, बाबुलालभाऊ. तुमच्याच शेडच्या भिंतीले टेकून बसली अन् लेकराले पाजलं. मले म्हणे, बाबाले सांगू नका. मी आजवर सांगतलं नाई."

(डाव्या हाताचा अंगठा)