शून्याच्या अलीकडे

३ तारीख
‘तू ना, सगळं घडून गेल्यावर पोचतेस,’ असं आत्या एकदा म्हणाली होती. मी नऊ वर्षांची असेन. आज नव्या प्रयोगशाळेत शिरताना ते आठवलं आणि हसू आलं. इथे कामच मुळी वेळेत पोचण्याचं. निर्वात डब्यात तांब्याची चकती, तिच्यावर वायूचा पातळ थर. लेझरची पहिली पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक ठोका, आदळून रासायनिक क्रिया सुरू करते. काही फेम्टोसेकंदांनी, म्हणजे पापणी लवायच्या कितीतरी आधी, दुसरी येऊन काय झालं ते बघते. यंत्रं सांभाळणारे काका म्हणाले, पहिली कळ लावते, दुसरी चहाडी करते. आणि ताई, चष्मा काढायचा नाही हं, डोळे काही आपल्या स्टोअरमध्ये मिळत नाहीत! छान माणूस.

८ तारीख
पहिली पल्स पोचते ते शून्य. त्याआधी पडद्यावर क्रिया दाखवणारी रेघ सपाट हवी. पण ती आधीच उचलली जातेय. शून्य तीनदा तपासलं, बरोबर आहे. दुसऱ्या पल्सची वेळ ठरवणारा रुळावरचा आरसा केसभर सरकला तरी वेळ चुकते. त्याला हात कोण लावतं? खोलीची किल्ली फक्त काकांकडे असते.

११ तारीख
प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना माझा संशय सांगितला. त्यांनी सगळ्यांदेखत काकांकडून किल्ली घेऊन माझ्या हातात दिली. काका एवढंच म्हणाले, सांभाळा, मॅडम. कालपर्यंत मी ताई होते.

१४ तारीख
किल्ली माझ्याच पर्समध्ये. लेझर बंद. तरी रेघ उमटली. मग लेझर लावला – पुन्हा तीच रेघ, टिंबाटिंबाने तीच. म्हणजे काका नव्हतेच. मी काय करणार आहे ते चकतीला आधीच –

१५ तारीख
माझ्याआधी इथे जो होता त्याची वही कपाटात सापडली. शेवटच्या पानावर सुईसारखी उंच रेघ. शेजारी लिहिलंय, लेझर बंद होता. सरांना विचारलं. म्हणाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी परावर्तित किरण लागून त्याचा डोळा गेला. एक डोळा.

१६ तारीख
सकाळी अकरा. लेझर बंद. पडद्यावर तशीच सुई.
दोन सुया.
सर म्हणतात, उद्या पाहुणे येणार, प्रयोग दाखवायचाच. मी नाही म्हटलं. पण उद्या मी लेझर लावणार – लावणारच, नाहीतर सुया आल्या कशाला?
किल्ली काकांपुढे ठेवली. त्यांनी हात लावला नाही. आता चिठ्ठी देणार आहे. तीही ते घेणार नाहीत, माझ्या चहाडीनंतर कोण हो म्हणेल –
काका, चुकलं माझं. किल्ली ठेवून घ्या. उद्या मी कितीही मागितली तरी किल्ली मला –