औषधाचे उद्यापन

सांगवी, ता. बारामती
कार्तिक वद्य दशमी, शके १९१८

प्रिय रोहिणी,

ज्याच्या कृपेने चंचल मनालाही क्षणभर विसावा मिळतो, त्या नारायणाला वंदन करून लिहितो.

येथे क्षेम आहे. तुझ्या छकुलीच्या हनुवटीचे टाके काल काढले, जखम भरली. शाळेतून येताना माळेगावच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाडीला ती मागून लोंबकळली आणि पडली, हे तुला कळवलेच होते. गुरुजींनी तिला आता स्वतःच्या खुर्चीजवळ बसवले आहे. तरीही दप्तर एकीकडे आणि ती दुसरीकडे असते.

वैशाखात पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या विकाराचे इंग्रजी नाव लिहून दिले, तेव्हा मी तो कागद दोनदा वाचून बाजूला ठेवला. नऊ वर्षांच्या मुलीचे मन ठरत नाही, अंग स्वस्थ बसत नाही, याला रोग म्हणावे हे मला पटले नव्हते. तथापि तू पुण्यात कपड्यांच्या कारखान्यात दुसरी पाळी धरलीस आणि दरमहा एसटीचा कंडक्टर गेणू याच्या हाती गोळ्यांची पुडी पाठवू लागलीस. रोज न्याहारीनंतर गोळी देण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आणि नेमाने पाळले.

नवरात्रात मी पोथी लावली. नऊही दिवस छकुली माझ्याजवळ मांडी घालून बसली. एकदा माझी नजर चुकली, तर तिनेच पानावर बोट ठेवले, "आप्पा, ही ओळ राहिली की!" व्रत फळाला आले की त्याचे उद्यापन करतात. त्याच न्यायाने दसऱ्याला मी औषधाचेही उद्यापन केले. उरलेल्या गोळ्या देवापुढे ठेवल्या, मेहूण जेवू घातले आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद केली.

तुझी आई म्हणाली, "आवो, आज पोट भरलं म्हून उद्या चूल पेटवायची न्हाय व्हय?" मी तिला शास्त्र ऐकवले. "शास्त्र ऱ्हाऊ द्या तितंच. पोरीकडं बघा," असे म्हणून ती गोठ्यात निघून गेली.

दिवाळीला तू येशील, तेव्हा साऱ्या गोळ्या तुझ्या हाती ठेवून 'आता दुसरी पाळी सोड' असे सांगावे, हे मी योजले होते. तुला सुट्टी मिळाली नाही. पुढची पुडी आली; तीही मी न उघडता देव्हाऱ्याखाली ठेवली. तोवर छकुली पुन्हा पूर्वीसारखी चंचल झाली होती. मला ते दिसत होते, आणि मी बोललो नाही.

काल तुझे कार्ड मिळाले. छकुली पडल्याचे वाचून, गोळ्यांचा गुण येईनासा झाला असे तू डॉक्टरांना कळवलेस, येत्या सोमवारी ते मात्रा दुप्पट करणार आहेत आणि त्या खर्चासाठी तू रविवारचेही काम पत्करले आहेस. म्हणून हे पत्र टपालात न टाकता गेणूच्या हाती देत आहे. गोळ्या निष्फळ ठरलेल्या नाहीत. दसऱ्यापासून छकुलीला एकही गोळी मिळालेली नाही. मात्रा वाढवू देऊ नकोस. पुन्हा सुरुवात कशी करावी हे डॉक्टरांना विचार, आणि दोष माझा आहे हे स्पष्ट सांग. यापुढे गोळी तुझी आई देईल. मी पाण्याचा पेला धरीन.

हे पत्र जो कोणी वाचील, त्याच्या घरच्या लेकरांना आरोग्य लाभो आणि वडीलधाऱ्यांना वेळेवर सुबुद्धी.

तुझाच,
आप्पा