बंद घरातली अकरा माणसं

प्रिय शालकमहाशय,

थोरल्या बहिणीच्या यजमानांचे आशीर्वाद पोचावेत. तुमची पाठ, तुमचं पित्त आणि तुमचे वरिष्ठ, तिघंही जागच्या जागी असतील अशी आशा आहे. मागच्या पत्रात तुम्ही आमचं क्षेम विचारलं होतं (आठ महिन्यांपूर्वी; उत्तराची घाई नव्हतीच). माझं ठीक. तुमच्या ताईचं असं आहे, की मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातच्या बसने शहरात जायचं, दवाखान्यात चार तास यंत्राला जोडून रक्त स्वच्छ करून घ्यायचं आणि संध्याकाळच्या बसने परत यायचं. बस आहे तोवर ताई आहे. वाक्य जरा रोखठोक झालं, पण याहून मृदू वाक्य मला संस्कृतातही जमलं नाही.

तर त्या बसवरच गदा आली. जिल्ह्याच्या कचेरीने ठरवलं, की ज्या गावात चाळीस नांदती घरं नाहीत तिथे पुढच्या महिन्यापासून बस जाणार नाही. घरं कशी आहेत, त्यांत किती जण राहतात, काय कमावतात, गावाला पुढे काही भवितव्य आहे का, हे पाहायला एक बाई येणार. आम्ही आधीच मोजून घेतलं. घरं एकसष्ट, नांदती एकोणचाळीस. (कौलांचा कारखाना बंद पडल्यापासून गावात छपरं उत्तम आहेत, खाली माणसं नाहीत.) मग सगळ्यांची नजर आमच्या शेजारच्या दोन खोल्यांवर गेली. म्हणजे तुमच्या. आठ वर्षं कुलूप असलं तरी भिंती शाबूत, आणि किल्ली ताईच्या खुंटीला.

सलूनमध्ये बैठक झाली. ठरलं इतकंच, की घर नांदतं दिसलं पाहिजे. कोणी काय करायचं हे ठरलं नाही. आपल्याकडे कामं वाटून देत नाहीत, हे तुम्ही जाणताच. वाटली की रुसवे होतात (विहिरीतला गाळ काढताना झालेले अजून चालू आहेत). जो तो आपल्या मनाने करतो आणि केल्याचं बोलत नाही. या सद्गुणाने आमचा घात केला. शिंप्याने गिऱ्हाइकांनी न नेलेले कपडे दोरीवर वाळत टाकले, चार सदरे, तीन झगे आणि एक दुपटं. मोच्याने उंबऱ्याशी नऊ जोड मांडले. सुताराने तीन खाटा आणल्या, वर एक पाळणा. किराणावाल्याने, जो साखरेचा दाणा वजनाबाहेर जाऊ देत नाही, मोरीत दात घासायचे अकरा ब्रश ठेवले, तेही ओले करून. मी स्वतः भिंतीवर खडूने सतराचा पाढा लिहिला, घरात शाळकरी मूल आहे असं वाटावं म्हणून. अक्षर फारच वळणदार आलं.

सोमवारी बाई आल्या. बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर, कशाची घाई नाही. एकोणचाळीस घरांत त्यांनी हूं की चूं केलं नाही. तुमच्या दारात मात्र थांबल्या. जोड मोजले. मोरीत जाऊन ब्रश मोजले, परत मोजले. आम्ही बाहेर उभे.

“या घरात किती जण?”

“तीन,” शिंपी म्हणाला. “सात,” सुतार म्हणाला. “अकरा,” किराणावाला म्हणाला. त्याचा हिशेब पक्का असतो.

“आत्ता कुठे आहेत?”

“कामाला,” सलूनवाला म्हणाला.

“अकराही?”

“कष्टाळू घराणं आहे, बाई.”

“पाळण्यातलं धरून?”



बाईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं. खोल्या दोन, रहिवासी अकरा, पैकी रोजगारात अकरा. गेल्या वीस वर्षांत आमच्या आर्थिक भवितव्याबद्दल इतकं आशादायक कोणी लिहिलं नव्हतं. मग पुढची ओळ आली. दोन खोल्यांत पाचांहून अधिक माणसं म्हणजे अतिदाटी, सबब घर निवासास अयोग्य, मोजणीत धरता येत नाही. आठ वर्षं जिथे पालीखेरीज कोणी राहिलं नाही, ते घर दाटीपायी बाद झालं. पुन्हा एकोणचाळीस.

ताई आमच्या ओट्यावर मंगळवारची पिशवी भरत बसली होती. बाई तिच्याकडे वळल्या.

“घर कोणाचं?”

“माझ्या धाकट्या भावाचं.”

“राहतो इथे?”

ताईला खोटं बोलता येत नाही (हे लग्नाआधी सांगायला हवं होतं तुम्ही लोकांनी). “येतो,” ती म्हणाली.

“शेवटचा कधी आला होता?”

ताईने पिशवीची नाडी सोडली आणि परत बांधली. बाईंनी तिचा हात पाहिला, सुया टोचून टोचून निळा पडलेला. मग वहीतली ती ओळ खोडली आणि रकाना कोरा ठेवला. “पंधरा दिवसांनी, सोमवारी परत येते,” त्या म्हणाल्या. “एक खरा माणूस आत दिसला तरी चाळीस लिहीन. ही जत्रा तेवढी उचला.”

उचलली. खोल्या झाडून घेतल्या आहेत. तरी आदल्या रविवारी संध्याकाळच्या बसने यावं. दोनच दिवसांचा प्रश्न आहे. हवापालट होईल, हवा इथे मुबलक, श्वास घेणारे कमी.

तुमचा,
दाजी

ता. क. हे पत्र ताईला न सांगता लिहितो आहे. “त्याला त्रास देऊ नका, त्याची नोकरी आहे,” असं तिने मला दोनदा बजावलं. मी दोन्ही वेळा मान डोलावली.

आणखी एक. वर ‘दोनच दिवस’ लिहिलं आहे ते तुम्ही पत्र पुरतं वाचावं म्हणून. बाई दर तीन महिन्यांनी येणार आहेत. तेव्हा बिछाना घेऊनच निघा.

शेवटचं. बस बंद झाली तर काय करायचं, असं काल ताईला विचारलं. ती म्हणाली, “तुम्ही आहात ना.” शहर चाळीस किलोमीटर आहे, शालकमहाशय, आणि मला सायकलसुद्धा चालवता येत नाही.