शेवग्याखालची भाजी

माय, मरोद्याच्या तुझ्या बागेचं कोणी विचारलं की मी अजूनही झाडांची नावं सांगून मोकळा होतो. तेव्हा स्टील प्लँटचं बांधकाम चालू होतं, ट्रकांची धूळ दिवसभर घरात यायची. क्वार्टरामागच्या उजाड मुरमात तू शेवगा लावलास, त्यावर तोंडलीचा वेल चढवलास, सावलीत अळू आणि हळद. तेलुगू शेजारणीनं कढीपत्ता आणला, पंजाबी घरातून लिंबाचं रोप आलं. ज्याला लागेल त्यानं तोडावं, मुळासकट मात्र उपटू नये, एवढाच तुझा नियम.

त्या बायकांशी तुझं बोलणं चार हिंदी शब्दांत संपायचं. जीव लागला तो एकीशीच. ती बांधकामावर विटा वाहणारी रेजा, इथल्याच गावची. दुपारच्या सुट्टीत येऊन रानातलं काय खाता येतं ते तुला शिकवायची. तिनं लावलेल्या रानभाज्या, चरोटा आणि चेच, शेवग्याखाली माजल्या होत्या. अजून दिसतं, ती छत्तीसगढीत बोलते आहे, तू आपल्या मराठीत, आणि दोघी हसता आहात. तू तिला बहिनी म्हणायचीस.

मी प्लँटमध्ये नुकताच ट्रेनिंगला लागलो होतो. साहेब क्वार्टरं पाहायला येणार असं कळलं. तू दुर्गला बाजाराला गेली होतीस. मी शेवग्याखालचं सगळं उपटलं, दोरी धरून चुन्याच्या रेघा ओढल्या. तू परतलीस, पिशवी हातातच.

"साहेबासाठी जंगल झाडून ठेवलं का रे?"

"कचरा होता, माय."

"काल त्याच कचऱ्याची भाजी दोनदा मागून खाल्ली ना तू."

मग शांतपणे म्हणालीस, "बहिनी आली की सांगीन तिले. पुन्हा लावू."

ती आली नाही. रोज दुपारी तू मागच्या दारात बसून असायचीस. "कावून येऊन नाही राहिली रे ते?" मी म्हणायचो, काम दुसरीकडे लागलं असेल. पावसाळा सरला तसं तू विचारणं सोडलंस, मग बागेत जाणंही.

ती आली होती, माय. त्याच दिवशी, तू परतण्याआधी. उपटलेल्या पाल्याच्या ढिगाजवळ उभी राहून तिनं विचारलं, "कोन उखाडिस, बाबू?" मी उपटलं म्हणायची तिच्यापुढे मला लाज वाटली. मी म्हणालो, मायनंच सांगितलं. तिनं ढिगातला कोवळा पाला पदरात भरला आणि गेली.

तू त्यानंतर पुष्कळ वर्षं होतीस. रोज समोर होतीस. आता हे वाचायला तू नाहीस, म्हणूनच लिहिता आलं.