नागपूरचं पत्र

गोरेगाव, १२ जुलै २००१, संध्याकाळ

आईला वाचता येत नाही, आणि मी त्याचाच फायदा घेतला. हे लिहितानाही लाज वाटते.

सोमवारी पुण्याच्या विद्यापीठाचं पत्र आलं, काल नागपूरचं. दोन्हीकडे कॉम्प्युटर सायन्सला नंबर लागला. आमच्या गोरेगावहून नागपूर तीन-चार तासांवर, तिथे गेले तर दर शनिवारी घरी येता येईल, म्हणून आईला नागपूरच हवं होतं. मला पुणं हवं होतं. मग मी नागपूरचं पत्र तिच्यासमोर उघडलं आणि वाचलं, "जागा भरल्या आहेत." तसं काहीच लिहिलेलं नव्हतं.

आई रागावली ती नागपूरवर. "त्यायले काय समजते? तू रडू नको." मी रडत नव्हतेच. जेवताना तिनं माशाचं डोकं माझ्या ताटात वाढलं. ते तिला फार आवडतं. आणि मी ते खाल्लं! कसं खाल्लं?

आज ती विड्या वळत बसली होती, तेव्हा सगळं सांगून टाकलं. ते माशाचं डोकं काही केल्या पचेना. तिचे हात थांबले. "काऊन खोटं बोलली? पुण्याले जातो म्हटली असती, त मी नाही म्हटली असती का?"

म्हटली असती का? माहीत नाही. मी विचारलंच कुठे?

मग तिनं ते पत्र जसं आहे तसं वाचायला लावलं, दोनदा. पत्राची घडी घालून म्हणाली, "जाय पुण्याले. पण आता कोणताही कागद आला की मी शेजारच्या शांताकडून वाचून घेईन, तुह्याकडून नाही."